जहाजातून उतरल्यावर दोन रात्री: खोली कुठली, पैसा कुठला?

प्रश्न: जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून मी निवृत्त झाले. वय 62. यजमान 66 वर्षांचे, चांदूर रेल्वे तालुक्यात सात एकर कोरडवाहू वावर पाहतात. मुलांनी हट्टानं मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाची चार रात्रींची तिकिटं काढून दिली आहेत. फेब्रुवारीत एका शुक्रवारी सकाळी जहाज परत मुंबईला लागेल. रविवारच्या रात्रीच्या गाडीनं बडनेऱ्याला परत यायचं आहे. मधल्या दोन रात्री कुठं राहावं, यावर घरात एकमत नाही. मुलगी म्हणते, गेटवेजवळ समुद्राकडे खिडकी असलेली खोली घ्या, रात्रीचे 14,500, कर वेगळा. मी फोर्टमधलं एक साधं हॉटेल पाहिलं, 5,200. कुलाब्यात एक आहे, नाश्त्यासह 7,700. यजमान म्हणतात, कल्याणला पुतण्या असताना पैसे कशाला घालवायचे? पैशासाठी तीन वाटा आहेत: पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजनेची 3 लाखांची ठेव मोडणे, कापसाच्या चुकाऱ्यातून (विकलेल्या कापसाच्या आलेल्या पैशातून) घेणे, नाहीतर मुलीच्या क्रेडिट कार्डावर हप्ते. ठेव ठेवून 14 महिने झाले. तिचं व्याज पोस्टाच्याच बचत खात्यात जमा होतं, त्याला मी हात लावलेला नाही. पीककर्ज 1 लाख 20 हजार आहे, ते मार्चअखेर भरायचं आहे. एक मनातलं लिहिते: आजवर मुंबईला गेलो ते एक तर नातेवाईकांकडे उतरलो किंवा आमदार निवासात कुणाच्या तरी चिठ्ठीवर. आपल्या पैशानं घेतलेल्या खोलीत एकदाही राहिलो नाही.

उत्तर:

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्या हिशेबाची सुरुवात तिथूनच होते. खोली घ्या. पुतण्याकडे राहू नका, गेटवेची खिडकीही नको. फोर्टचं हॉटेल घ्या आणि त्याचे पैसे ठेवीच्या व्याजातून द्या. एवढं ठरलं की बाकीचं सोपं आहे, पण यजमानांना पटवायचं असेल तर आकडे लागतील. ते देतो.

आधी पैसा. ठेव मोडायचा विचार सोडून द्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून थोडी रक्कम काढता येत नाही, खातं अख्खं बंद करावं लागतं. एक वर्ष झालं पण दोन वर्षं झाली नाहीत, अशा वेळी बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. 3 लाखांवर 4,500 रुपये. म्हणजे हॉटेलच्या दारात पाय ठेवायच्या आधीच फोर्टमधली जवळजवळ एक रात्र गेली. वर 8.2 टक्क्यांनी दर तीन महिन्यांना येणारे 6,150 रुपये थांबतील, ते वेगळंच.

आता हेच 6,150 उलट बाजूनं बघा. ठेवीला 14 महिने झाले, म्हणजे चार तिमाह्यांचं व्याज तुमच्या बचत खात्यात पडलेलं असणार, साधारण 24,600 रुपये. तिथं त्यावर वर्षाला 4 टक्के मिळतात. हा पैसा ना बियाण्याचा, ना खताचा, ना दवाखान्याचा. तुम्ही आयुष्यभर शाळेत उभं राहून जमवलेल्या पैशाचं हे व्याज आहे. फोर्टच्या दोन रात्रींचे, करासह, 10,920 रुपये होतात. ते त्यातून द्या. मुद्दल जागच्या जागी राहतं आणि पुढचं व्याज तारखेला येत राहतं.

कापसाच्या चुकाऱ्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. फेब्रुवारीत आपल्याकडे पऱ्हाटीची उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, होत आलेली असते, हातात पैसा दिसतो आणि तो मोकळा वाटतो. तो मोकळा नसतो. वेळेत भरलेलं 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज आपल्या राज्यात शून्य टक्क्यानं पडतं, कारण केंद्राची आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेची व्याज सवलत दोन्ही मिळतात. तारीख चुकली की सवलत गेली, आणि निदान 7 टक्के तरी अंगावर बसतात. 1 लाख 20 हजारांवर वर्षाचे 8,400. शिवाय जुनं खातं नियमित नसलं की जूनमध्ये नवं कर्ज मिळायला अडचण येते, आणि पेरणी कुणासाठी थांबत नाही. चुकाऱ्यातून खोलीसाठी पाच हजार घेतले, मग जहाजावर दोन-तीन हजार, मग येताना नातवंडांसाठी काही, असं करत करत मार्चमध्ये पंधरा-वीस हजार कमी पडल्याची घरं मी पाहिली आहेत. निघायच्या आधी कर्जाची रक्कम बँकेत भरूनच टाका. यजमान मग जहाजावर निवांत झोपतील.

क्रेडिट कार्डाचं थोडक्यात: एक हप्ता चुकला तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. पैसा खात्यात असताना हा रस्ता धरू नका.

आता खोल्या. गेटवेच्या हॉटेलचा दर 14,500 दिसतो. रोजचं भाडं 7,500 च्या वर असलेल्या खोलीवर जीएसटी 18 टक्के, आणि 7,500 पर्यंत 5 टक्के, सप्टेंबर 2025 पासून. म्हणजे गेटवेच्या दोन रात्रींचे 29,000 नव्हे, 34,220. अशा महागड्या हॉटेलच्या आतल्या जेवणावरही 18 टक्के कर लागतो, बाहेरच्या साध्या उडुप्याकडे 5. बिलात सेवा शुल्क लावलेलं दिसलं तर ते काढायला सांगता येतं. ते सक्तीनं घेता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानंही मार्च 2025 मध्ये हेच सांगितलं. पण शहरात बिलावरून वाद घालायला आपल्या माणसाला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. वाद घालायची वेळच येऊ नये, असं हॉटेल निवडावं.

मुलीची माया मी समजू शकतो, तिला आईबाबांना समुद्र दाखवायचा आहे. पण ताई, तुम्ही चार रात्री समुद्रातच राहून येणार. सकाळ-संध्याकाळ चारी बाजूंनी पाणी. त्यानंतर जमिनीवर परत आल्यावर तेच पाणी खिडकीतून बघायला फोर्टपेक्षा 23,300 रुपये जास्त द्यायचे, हे मला पटत नाही. गेटवेचा कठडा फुकट आहे आणि फोर्टहून टॅक्सीनं तिथं जायला फार वेळ लागत नाही.

कुलाब्याची खोली मात्र लगेच नाकारू नका. 7,700 वर 18 टक्के धरून ती 9,086 ला पडते. त्यांना फोन करून विचारा, नाश्ता वगळून दर किती? तो 7,300 झाला तर कर 5 टक्क्यांवर येतो आणि खोली 7,665 ला पडते. एका रात्रीत 1,421 वाचले, आणि दोघांचा इडली-चहा बाहेर तेवढ्यात कितीतरी वेळा होईल. फोर्टची खोली पसंत पडली नाही तर हा दुसरा पर्याय हाताशी असू द्या.

यजमानांच्या कल्याणबद्दल. जहाज बॅलार्ड पिअरला लागतं. तिथून सीएसएमटी स्टेशन दीड-एक किलोमीटरवर आहे आणि फोर्ट त्या दोन्हींच्या मध्येच आहे. कल्याण तिथून पन्नास किलोमीटरच्या वर. शुक्रवारी सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीला छेदून चार बॅगांसह लोकल धरायची, शनिवारी मुंबई बघायला पुन्हा यायचं, रात्री पुन्हा जायचं. रविवारी मध्य रेल्वेच्या मार्गावर बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद. घर फुकट मिळतं, पण तुमच्या दोन दिवसांतले सात-आठ तास गाडीत जातात. पुतण्याला तिखटमिठाचं, मुलांना खाऊचं, जाताना हातात काहीतरी ठेवायचं, हा खर्चही आपण करतोच, आणि आनंदानं करतो. त्याच्या घरी उतरायचं नाही म्हणजे नातं तोडायचं असं नाही. शनिवारी संध्याकाळी त्या कुटुंबाला फोर्टात जेवायला बोलवा. त्याच्या बायकोलाही एक दिवस सुट्टी मिळेल.

एकच स्थिती अशी आहे की मी कल्याण म्हणेन: यजमानांना अनोळखी जागी झोपच येत नसेल आणि ते दोन दिवस कुढत काढणार असतील तर. मग शनिवारची रात्र तिकडे काढा. अमरावती एक्स्प्रेस आणि विदर्भ एक्स्प्रेस दोन्ही कल्याणला थांबतात, तिकिटावर गाडी पकडायचं ठिकाण आधी बदलून घेतलं की सीएसएमटीपर्यंत परत यावं लागत नाही.

फोर्टच्या हॉटेलला पैसे द्यायच्या आधी फोन करा, आणि हे ताई, तुम्ही स्वतः करा, मुलीला ॲपवरून करू देऊ नका. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईवडिलांना घेऊन मुंबईला गेलो होतो. स्टेशनजवळचं स्वस्त लॉज बघून पैसे भरून टाकले. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा. वडील प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीला हात लावून उभे राहत. ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मला ते आजही लागतं. वाचवले होते रात्रीचे आठशे रुपये. म्हणून पहिला प्रश्न लिफ्टचा. फोर्टातल्या इमारती जुन्या आहेत, लिफ्ट असली तरी ती कधी पहिल्या मजल्यापासून सुरू होते, कधी बंद असते. नेमकं विचारा: रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागतील? दुसरं, खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का? त्या भागात कमी दराच्या बऱ्याच खोल्या बिनखिडकीच्या असतात आणि फोटोत ते कळत नाही. तिसरं, संडास कमोडचा आणि खोलीला लागूनच आहे ना? गुडघे दुखत असतील तर हे समुद्राच्या खिडकीहून मोठं आहे.

वेळेचंही विचारून घ्या, कारण दोन रात्रींच्या भाड्यात खरं नुकसान इथं होतं. जहाजातून तुम्ही सकाळीच उतराल, खोली बहुतेक ठिकाणी दुपारी 12 किंवा 2 ला मिळते. परतीच्या दिवशी खोली 11-12 ला सोडायची आणि गाडी रात्रीची. दोन्ही टोकांना अर्धा अर्धा दिवस रस्त्यावर. शुक्रवारी खोली लवकर देतील का, रविवारी संध्याकाळपर्यंत ठेवायचे किती घेतील, हे ठरवून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. रविवारचे हजार-दीड हजार जास्त मागितले तरी द्या. दुपारी दोन तास आडवं होऊन मग रात्रभराच्या प्रवासाला निघणं, या वयात त्या पैशाचं मोल होतं. नाहीच जमलं तर सामान त्यांच्याकडे ठेवता येतं का ते विचारा.

बुकिंग रद्द केल्यास पैसे परत मिळतील असंच घ्या, तीन-चारशे जास्त पडले तरी. हवामानानं जहाजाची वेळ पुढेमागे होऊ शकते. आणि मोबाइलच्या नकाशावर सापडलेल्या नंबरवर, कुणी पाठवलेल्या क्यूआर कोडवर आगाऊ पैसे टाकू नका. हॉटेलांच्या नावानं खोटे नंबर टाकून फसवणारे पुष्कळ आहेत. खात्यावर हॉटेलचं नाव दिसत नसेल तर थांबा. चुकून गेलेच तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

उरलेल्या व्याजातून एक खर्च मी स्वतःहून सुचवतो. रेल्वेचं तिकीट अजून काढलं नसेल तर दोघांचं एसीचं काढा आणि ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचे बर्थ मागा. भाड्यातली जुनी सवलत 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. आरक्षण 60 दिवस आधी सुटतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईचं विमान सुरू झालंय खरं, पण ते रोजचं नाही आणि तुमच्या रविवारच्या रात्रीशी त्याचा मेळ बसवायला सगळं वेळापत्रक हलवावं लागेल. गाडीच बरी.

दोन दिवसांचं म्हणाल तर शुक्रवार विश्रांतीचा ठेवा, संध्याकाळी पायी सीएसएमटीची इमारत दिव्यांत बघा आणि समोरच्या ‘आराम’ नावाच्या दुकानात वडापाव खा. शनिवारी सकाळी गेटवेहून घारापुरीची लाँच. लेण्यांपर्यंत 120 पायऱ्या आहेत, यजमानांसाठी डोली मिळते, भाव आधी ठरवा. रविवारी फोर्टातल्या बऱ्याच खाणावळी बंद असतात, म्हणून त्या दिवशी सीएसएमटीहून भुयारी मेट्रोनं दादरला जा, चैत्यभूमीचं दर्शन घ्या, तिकडेच जेवा आणि दुपारी खोलीवर परत या. मेट्रोला लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. जवळच्या अंतराला काळीपिवळी टॅक्सी घ्या, मीटरचे पहिले 31 रुपये. त्या भागात ऑटो चालत नाहीत, म्हणून कुणी ऑटो आणून देतो म्हणाला तर त्याच्यामागे जाऊ नका.

खोलीची पावती तुमच्या नावानं करून घ्या, ताई. मुलीच्या नाही, यजमानांच्याही नाही. काउंटरवर दोघांची मूळ आधार कार्डं दाखवावी लागतील, ती जहाजाच्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.