बडोद्यात अंगणातल्या डासांसाठी कोणती सर्व्हिस घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की दोघांचे दर आलेत. पहिला दर महिन्याला येऊन फॉगिंग, म्हणजे औषधाचा धूर, करून देणार, दुसरा महाग आहे पण आधी पाहणी करणार. पाहणी करणारा घ्या. फॉगिंगवाल्याला पैसे देऊ नका.

आमचं घर दांडिया बाजारात, जुनं, मागे फरशीचं अंगण. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचा पूर ओसरला आणि डासांनी जीव नकोसा केला. मोठ्या दिरांनी ओळखीतल्या माणसाला वर्षाचं कंत्राट दिलं. महिन्यातून एकदा संध्याकाळी साडेसातला एक मुलगा मशीन घेऊन यायचा, अंगण पांढरं करून जायचा, आणि दोरीवरच्या कपड्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत डिझेलचा वास. मी म्हटलं, भाऊजी, पाणी कुठे साठतंय ते कोणी बघतच नाहीये. चार माणसांत उत्तर मिळालं, "तुला काय कळतं त्यातलं?"

नवरात्राच्या तोंडावर माझ्या लेकीला डेंग्यू झाला. प्लेटलेट २८ हजारांवर आल्या, पाच दिवस दवाखान्यात. घरी आणलं त्याच रात्री मी टॉर्च घेऊन अंगण धुंडाळलं. तुळशीमागे सासूबाईंचं दगडी उखळ आहे. त्यात वीतभर पावसाचं पाणी, वर एक पिंपळाचं पान. पान उचललं तर खाली अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या, हाताची सावली पडताच सगळ्या वळवळत तळाला गेल्या. ते उखळ हलवायचं नाही असं भाऊजींनीच बजावलं होतं, आईची आठवण म्हणून.

धूर उडता डास मारतो, अळीला काही होत नाही. पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, मग महिन्यातून एकदा येऊन काय साधणार? आणि डेंग्यू पसरवणारा एडीस डास चावतो दिवसा, सकाळी आणि दुपार कलल्यावर. साडेसातला तो घरात कपाटामागे, पडद्याआड बसलेला असतो. त्याला गटार लागत नाही, स्वच्छ पाणी लागतं.

तेव्हा येणाऱ्या माणसाला विचारा: कुंड्यांखालच्या थाळ्या, कूलर, फ्रीजमागचा ट्रे, गच्चीवरच्या टाकीचं झाकण हे सगळं बघणार का? दर आठवड्याला येणार का? औषधाचं नाव बिलावर लिहिणार का? १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना दाखवायला सांगा. कां-कू केली तर दारातूनच परत पाठवा. नुसतं पाणी ओतून टाकूनही भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी महिनोन्‌महिने टिकतात. आतून घासायलाच हवं.

हो, गल्लीत डेंग्यूची साथ असेल तर धूर करावा लागतो, तेव्हा महापालिकेच्या माणसांना अडवू नका. हौद असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. आणि फुलं आलेल्या झाडांवर फवारू देऊ नका, मधमाश्या मरतात.

भाऊजी, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहिते. उखळ टाकलेलं नाही. घासून, उपडं करून जिन्याखाली ठेवलंय. दिवाळीला चटणी त्यातच कुटू, पण झाल्यावर ते परत उपडंच राहील.