इझीप्रॉक्सीचं सेशन खरंच बंद होतंय का ते लॉगमध्ये बघ
नवीन आहेस म्हणून सांगतो, इझीप्रॉक्सी म्हणजे लायब्ररीने घेतलेली ऑनलाइन जर्नल्स बाहेरून लॉगिन करून वाचू देणारं सॉफ्टवेअर. त्यातलं मॅक्सलाइफटाइम (लॉगिनचं सेशन किती मिनिटं चालू ठेवायचं ती सेटिंग) 120 आहे म्हणजे दोन तासांनी सेशन बंद होतंच असं धरून चालू नकोस. ती मिनिटं शेवटच्या रिक्वेस्टपासून मोजतात, म्हणजे कोणी स्क्रिप्ट लावून रात्रभर पीडीएफ ओढत बसलं तर त्याचं सेशन सकाळपर्यंत जिवंतच. आमच्या लायब्ररीत नेमकं हेच झालं, पब्लिशरने अख्ख्या कॉलेजचा अ‍ॅक्सेस बंद केला आणि ऐन थिसिसच्या दिवसांत पोरं अडकली, फार वाईट वाटलं तेव्हा.

तर आधी लॉगफॉरमॅटमध्ये, म्हणजे लॉगच्या ओळीत काय काय लिहायचं त्या सेटिंगमध्ये, युजरनेमसोबत सेशन आयडीपण येऊ दे, डिफॉल्टमध्ये तो नसतो. मग ऑकने (awk, मजकुरातून माहिती काढणारी कमांड) प्रत्येक आयडीची पहिली आणि शेवटची वेळ काढायची, ते क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या शेड्युलरला, लावून टाक, फरक बारा तासांच्या वर गेलेल्यांची यादी मेलवर येऊ दे आणि अ‍ॅडमिन पेजवरून ते सेशन मार. अकाउंट मात्र लगेच ब्लॉक करू नकोस हां, आधी बाइट्स (किती डाउनलोड केलं) आणि आयपी (कुठल्या पत्त्यावरून) बघ, कधी कधी बिचारा पीएचडीवाला खरंच वाचत बसलेला असतो. आणि कोण काय वाचतंय ते सगळं या लॉगमध्ये दिसतं, त्यामुळे फाइलची परमिशन कोणाला दिलीयेस ते आजच तपास.