निसटलेला बूट आणि न छापलेली बातमी

मागच्या अंकात सहज म्हणून 'रोमन हॉलिडे'बद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. त्यामुळे या वेळचं सगळं सदर त्याच सिनेमाला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात: राजकन्या ॲन दौऱ्यावर रोमला येते, कार्यक्रमांना विटून रात्री पळून जाते. जो ब्रॅडली नावाचा अमेरिकन पत्रकार तिला ओळखतो, पण ओळख दाखवत नाही. तिला दिवसभर शहर फिरवून त्याची सनसनाटी बातमी करायचा त्याचा बेत असतो. 1953चा सिनेमा, कृष्णधवल, 118 मिनिटांचा. मी तो प्रेक्षक म्हणून फार कमी पाहिला. थेटरात प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर म्हणून बूथमधून किती वेळा, ते मोजणं सोडून दिलं.

आजीच्या आग्रहाखातर पाहिला. छान होता, पण त्यात घडतं काय? फिरतात, आइस्क्रीम खातात, स्कूटर चालवतात. शेवटी लग्नही होत नाही. सत्तर वर्षं लोक एवढे कशावर भाळले आहेत? (एक विद्यार्थिनी)

तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण "अजरामर कलाकृती" वगैरे म्हणणाऱ्यांना हे सांगता येत नाही. मी बुटापासून सुरुवात करतो.

अगदी सुरुवातीला मेजवानीचा प्रसंग आहे. राजकन्या उभी आहे, मान्यवरांची रांग संपता संपत नाही. एकेकाचं नाव पुकारलं जातं, ती हात पुढे करते, दोन शब्द बोलते. वर सगळं राजेशाही. मग कॅमेरा तिच्या घेरदार झग्याखाली जातो. तिनं दुखरा पाय बुटातून काढलाय, दुसऱ्या पायावर घासतेय. तेवढ्यात बूट आडवा होतो. आता तो पायानं चाचपायचा, सरळ करायचा, आणि वर चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू द्यायची नाही. ती बसते तेव्हा बूट तिच्यापुढे एकटा उभा राहतो. सगळ्या दरबाऱ्यांना दिसतो, आणि कोणीच काही बोलत नाही.

या प्रसंगाला थेटरात हमखास हसू यायचं. इंग्रजी कळणारे आणि न कळणारे एकाच क्षणी हसायचे. ती कंटाळली आहे, हे सांगायला दिग्दर्शक विल्यम वायलरनं एक वाक्यही खर्ची घातलेलं नाही. आणि पुढचा सगळा सिनेमा या बुटासारखाच चालतो. वर एक, खाली एक. ती म्हणते मी शाळेतून पळालेय. तो म्हणतो मी खतं आणि रसायनं विकतो. दोघंही धादांत खोटं बोलतात, आणि आपल्याला दोन्हीकडचं ठाऊक असतं. वडील काय करतात, असं विचारल्यावर ती सांगते, चाळीस वर्षं एकाच कामात आहेत, जनसंपर्क म्हणा ना! राजाच्या गादीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. आणि विनोद म्हणून ते वाक्य वाया जात नाही, कारण आपला बाप आणि आपण एकाच चाकरीत अडकलोय, हेही ती त्याच दमात सांगून टाकते.

आता माझी गंमत ऐका. आमच्या बूथमधला मॉनिटर स्पीकर कायम बिघडलेला. मशीनचा खडखडाट एवढा, की संवाद कधी ऐकूच यायचे नाहीत. मी हा सिनेमा बरीच वर्षं काचेच्या झरोक्यातून, जवळजवळ मूकपट म्हणून पाहिला. शेवटच्या पत्रकार परिषदेत राजकन्या जोला समोर उभा पाहते, तिच्या डोळ्यांत सगळं येतं, आणि ती काहीतरी बोलते. माझी खात्री होती की ते जबरदस्त प्रेमाचं वाक्य असणार. फार उशिरा घरी बसून ऐकलं, तर ती राष्ट्राराष्ट्रांतल्या संबंधांवर बोलत होती! राष्ट्रांच्या मैत्रीवर माझा विश्वास आहे, तसाच माणसामाणसांतल्या संबंधांवरही आहे, असं काहीतरी. तो उत्तर देतो, तेही आपल्या वृत्तसंस्थेच्या वतीनं: आपला विश्वास अनाठायी ठरणार नाही. म्हणजे बातमी छापणार नाही. शे-दीडशे माणसांसमोर सरकारी भाषेत हे दोघं एकमेकांचा निरोप घेतात, आणि त्या दालनात हे फक्त तिघांना कळतं. तिसरा त्याचा छायाचित्रकार मित्र.

दिवसभर ज्या खोटेपणावर आपण हसलो, तोच इथे येऊन गळा दाटवतो. बूट झग्याखालीच राहिला. तुम्ही विचारता घडतं काय. माझ्या मते एक बातमी छापली जात नाही, एवढंच घडतं. त्याच्या आधीची स्कूटर आणि आइस्क्रीम ही त्या बातमीची किंमत किती होती ते कळावं म्हणून.

आजीला विचारा, त्यांना नेमकं काय आवडतं. माझी पैज, त्या स्कूटर म्हणणार नाहीत.

दगडी तोंडात हात घालतात तो प्रसंग खरंच न सांगता केला होता का?

हो. सांता मारिया इन कॉस्मेदिन चर्चच्या ओसरीत ते दगडी तोंड आहे. खोटं बोलणाऱ्याचा हात ते चावतं, अशी आख्यायिका. जो ब्रॅडली हात आत घालतो, ओरडतो, आणि बाहेर काढतो तर बाहीतून पंजाच गायब. जोचं काम करणाऱ्या ग्रेगरी पेकनं पंजा बाहीत ओढून घेतला होता. ही युक्ती त्यानं रेड स्केल्टन या विनोदी नटाकडून उचलली. वायलरला सांगितली, राजकन्या झालेल्या ऑड्री हेपबर्नला नाही. तिची किंकाळी खरी आहे, आणि तो पहिलाच टेक पडद्यावर आहे.

पण त्या आधीचे काही सेकंद बघा. आधी ती हात पुढे नेते आणि मागे घेते. दोन खोटारडे खोटेपणाच्या यंत्रापुढे उभे आहेत, आणि दोघांनाही थोडी भीती वाटतेय. किंकाळी सगळ्यांच्या लक्षात राहते. मला तिचा तो मागे घेतलेला हात जास्त आवडतो.

रोमसारखं शहर, आणि रंग नाही! तेव्हा रंगीत फिल्म होती की.

होती. पण वायलरला स्टुडिओत उभारलेलं रोम नको होतं, खऱ्या रस्त्यांवर शूटिंग हवं होतं. 1952च्या उन्हाळ्यात सगळं युनिट तिथे गेलं. हा खर्च मोठा, म्हणून बाकीकडे हात आखडता: रंग नाही, आणि नायिका नवखी. पॅरामाउंट स्टुडिओच्या हिशेबातली ती काटकसर पुढच्या पिढ्यांच्या पथ्यावर पडली.

रंग असते तर ते शहर पोस्टकार्ड झालं असतं, असं मला वाटतं. कृष्णधवलमध्ये नजर आपोआप तिच्या पांढऱ्या ब्लाउजमागे जाते, गर्दी कितीही असो. आमच्यासाठी तर तो ब्लाउज म्हणजे कसोटी होती. प्रोजेक्टरच्या आर्क दिव्यात दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ज्योत पेटते, त्या कांड्यांमधलं अंतर बिघडलं की प्रकाश पिवळट, मळकट व्हायचा. इतर सिनेमांत ते पटकन लक्षात येत नसे. इथे ब्लाउज कळकट दिसला की मी उठून कार्बनची चावी फिरवायचो.

आमच्या टीव्हीवर सगळ्यांची डोकी कापली जातात. प्रत खराब आहे का?

प्रत ठीक असेल, सेटिंग चुकलंय. त्या काळची चौकट जवळजवळ चौकोनी, 1.37ला 1. तुमचा टीव्ही आडवा, 16ला 9. "पडदा भरा" किंवा "झूम" असा पर्याय चालू असेल तर वरची-खालची पट्टी कापली जाणारच. तो बंद करा. दोन्ही बाजूंना काळं दिसेल, दिसू द्या.

हसू नका, मीही हे केलंय. मशीनच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडतो त्या खिडकीत, रुंद पडद्यासाठी चौकट कापणारी प्लेट तशीच राहिली आणि मेजवानीच्या प्रसंगात राजकन्येचा मुकुटच गायब झाला. चौकट सरकवून मुकुट आणला, तर खालून पाय गेले. पुढच्या रांगेतून शिट्ट्या. रीळ संपेपर्यंत मी वर-खाली वर-खाली करत बसलो होतो.

लेखकाच्या नावाचा काहीतरी घोळ होता असं ऐकलं.

घोळ नव्हे, अन्याय. मूळ कथा डाल्टन ट्रम्बोची. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकी संसदेच्या समितीनं ज्यांना उलटतपासणीला बोलावलं, आणि ज्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, त्या 'हॉलिवूड टेन'पैकी हा एक. तुरुंगात जाऊन आला, काळ्या यादीत गेला. मोठे स्टुडिओ त्याचं नाव लावायला तयार नाहीत, म्हणून कथेवर मित्राचं, इयन मॅकलेलन हंटरचं, नाव लागलं. कथेचं ऑस्करही हंटरच्याच नावे जाहीर झालं. ट्रम्बो 1976 मध्ये गेला. अकादमीनं ते ऑस्कर त्याच्या नावे केलं 1993 मध्ये, आणि लेखक संघटनेनं श्रेयनामावलीत त्याचं नाव अधिकृतपणे परत घातलं 2011 मध्ये.

पेकचं वागणं याच्या अगदी उलट. करारानुसार सिनेमाच्या नावाच्या वर त्याचं एकट्याचं नाव येणार होतं. शूटिंग चालू असताना त्यानं ऑड्रीचं काम पाहिलं आणि तिचं नावही आपल्या बरोबरीनं लावायला सांगितलं. तिला पुढे उत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, तेव्हा ती 24 वर्षांची होती.

एका बातमीवर आपलं नाव येऊ न देणाऱ्या पत्रकाराची ही गोष्ट ज्यानं लिहिली, त्याचंच नाव एवढी वर्षं आलं नाही. हे कळल्यावर जो ब्रॅडलीकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो.

मला हा नायक आवडत नाही. गुंगीतल्या मुलीला घरी आणतो, ओळख लपवतो, तिचे चोरून फोटो काढवतो. याला रोमान्स म्हणायचं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि यादीतलं काहीही खोटं नाही. आणखी एक भर घालतो: लायटरमध्ये लपवलेल्या कॅमेऱ्यानं फोटो काढले जातात ते प्रसंग सिनेमा निव्वळ मौज म्हणून दाखवतो. आज ते पाहताना मीही अवघडतो. छायाचित्रकार मित्र काही बोलायला लागला की जो ब्रॅडली त्याला पाडतो, त्याच्या अंगावर पेय सांडतो. हा विनोद पहिल्यांदा चालतो, नंतर ताणला जातो. मधला भटकंतीचा भागही थोडा लांबलाय.

पण गुंगीबद्दल थोडं त्याच्या बाजूनं बोलतो. औषध तिला तिच्याच माणसांनी दिलेलं असतं. हा तर तिला टॅक्सीवाल्याच्या गळ्यात मारायला बघतो. ती त्याची खोली पाहून विचारते, ही लिफ्ट आहे का? त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा फक्त अपमान असतो.

आणि सिनेमा त्याला सोडत नाही. 5000 डॉलरची बातमी हातची जाते, वर संपादकाशी लावलेल्या पैजेचे 500 अंगावर येतात. शेवटी तो मित्र फोटोंचं पाकीट तिच्या हाती देतो, रोमच्या भेटीची आठवण म्हणून. ती अलगद उघडते. पहिलाच फोटो ती गुप्त पोलिसाच्या डोक्यात गिटार घालतेय तो. जग ज्याला बदनामी म्हणालं असतं, ते सगळं तिला परत मिळतं. आता एवढ्यावर त्याला माफ करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्या पत्नीनं केलेलं नाही.

शेवटी ती धावत परत येईल असं मला दर वेळी वाटतं. तुम्हाला इतक्या वेळा पाहून काय वाटतं?

राजकन्या आत निघून जाते. पत्रकार पांगतात. जो ब्रॅडली एकटा उरतो, खिशात हात घालून त्या लांबलचक दालनातून आपल्या दिशेनं चालत येतो. बराच वेळ चालतो. बुटांचा आवाज येतो असं म्हणतात, मला अर्थातच मशीनचाच यायचा.

आमच्याकडे दस्तूर असा की शेवटची पाटी यायच्या आतच लाइट लावायचे, म्हणजे पुढच्या खेळाआधी थेटर लवकर रिकामं होतं. सुरुवातीला मीही लावले. झरोक्यातून पाहिलं तर पत्रकार परिषद संपताच निम्मं पब्लिक उठलेलं, आणि उठता उठता थबकलेलं. कुणी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकलेलं, कुणी चप्पल शोधता शोधता थांबलेलं. सगळे तिच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. लाइट लागले तसे ते दचकले, आणि खालून कुणीतरी मला सणसणीत शिवी हासडली. ती मी घेतली, कारण मिळायलाच हवी होती.

त्यानंतर या सिनेमाला मी लाइट उशिरा लावायला लागलो. मालकाची बोलणी खाल्ली. दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ चढवलेलं नाही, ते मुळात नाहीच, हे त्या थेटरात माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी जो वळून एकदा मागे बघतो तेव्हा बटणावरचा हात मी काढून घ्यायचो.