‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा?

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्यांवरून घरात, ऑफिसात आणि कट्ट्यावर पेटणाऱ्या वादांबद्दलचे सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : अमेरिकेत फ्यूजनमधून घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा मिळाली, असं मी म्हणतो. सहकारी म्हणतात, त्यासाठी जवळजवळ शंभरपट वीज जाळली, सगळी धूळफेक आहे. बरोबर कोण? (नाशिक)

उत्तर : दोघंही. तुम्ही मीटर वेगवेगळ्या ठिकाणी लावलेत, एवढंच. फ्यूजन म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकमेकांत मिसळून ऊर्जा मिळवणं. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेझर झोत सोन्याच्या एका चिमुकल्या डबीत सोडले गेले. डबीत मोहरीच्या दाण्याएवढी इंधनाची गोळी होती. लेझरच्या प्रकाशातून आत गेले २.०५ मेगाज्यूल, बाहेर आले ३.१५ मेगाज्यूल. तुमचा मीटर इथे आहे. पण तेवढा प्रकाश तयार करायला लेझर यंत्रणेनं ग्रिडवरून सुमारे ३०० मेगाज्यूल वीज ओढली होती. सहकाऱ्यांचा मीटर तिथे आहे.

हेच विजेच्या बिलाच्या हिशेबात बघा. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे ८३ युनिट खर्चून एक युनिटसुद्धा पुरतं हाती आलं नाही. जे आलं त्यात नळाचं दहाएक लिटर पाणी उकळलं असतं, तेही उष्णता कुठे वाया गेली नाही तर.

तरी ही धूळफेक नव्हे. इंधन पेटल्यावर स्वतःच्याच उष्णतेनं भडकत जातं का, हा त्या प्रयोगाचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर ‘हो’ आलं. ही लेझर यंत्रणा वीजनिर्मितीसाठी बांधलेलीच नाही. अणुस्फोट न करता अण्वस्त्रांचा अभ्यास करणं हे तिचं मुख्य काम. तिची कार्यक्षमता एक टक्क्याहूनही कमी आहे. वीजकेंद्राला असा स्फोट सेकंदाला काही वेळा, न थांबता करावा लागेल. सहकाऱ्यांनी ‘अजून वीज मिळालेली नाही’ म्हटलं तर मान्य करा, ‘काहीच घडलं नाही’ म्हटलं तर करू नका.

प्रश्न : फोन एका मिनिटात चार्ज होणार, अशी बातमी होती. मुलगा ठामपणे म्हणतो, दोन वर्षांत बाजारात येईल. (ठाणे)

उत्तर : मुलालाच गुणाकार करायला सांगा. फोनची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांची, व्होल्टेज साधारण ३.८५. गुणाकार आला १९ वॅट-तास. एवढी ऊर्जा एका मिनिटात भरायची तर साठपट, म्हणजे सुमारे १,१५० वॅट लागतील. स्वयंपाकघरातला मिक्सर ७५० वॅटचा असतो. सध्याच्या यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरी मानकाची कमाल मर्यादा २४० वॅट आहे. तेवढे अखंड दिले तरी पाच मिनिटं जातात. शिवाय त्या ११५० वॅटपैकी फक्त ५ टक्के उष्णता झाली, तरी खिशातल्या वस्तूत ५७ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पेटल्यासारखं होईल.

अशा बातम्या उगवतात कुठून, तेही पाहा. २०२४ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या एका संशोधनाची बातमी ‘लॅपटॉप एका मिनिटात’ अशा मथळ्यानं फिरली. मूळ काम होतं सच्छिद्र पदार्थातल्या बारीक वाटांच्या जाळ्यातून आयन कसे वाहतात, याच्या गणिताचं. आणि ते सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे वीज साठवणाऱ्या एका वेगळ्या प्रकारच्या उपकरणासाठी, उपयोगी होतं. सुपरकपॅसिटर झटकन भरतो हे खरं, पण त्याच वजनाच्या लिथियम बॅटरीच्या तुलनेत त्यात फारच थोडी ऊर्जा मावते. मथळ्यात एवढी ओळ कधी मावत नाही.

प्रश्न : खोलीच्या तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर सापडला म्हणाले, मग महिन्याभरात नाही म्हणाले. शास्त्रज्ञांवर विश्वास तरी किती ठेवायचा? (सांगली)

उत्तर : ‘सापडला’ म्हणणारे आणि ‘नाही’ म्हणणारे वेगळे होते. सुपरकंडक्टर (अतिसंवाहक) म्हणजे ज्यात विजेला अजिबात अडथळा, म्हणजे रोध, होत नाही असा पदार्थ. २२ जुलै २०२३ रोजी दक्षिण कोरियातल्या गटानं एलके-९९ या पदार्थावरचे दोन प्रीप्रिंट आर्काइव्हवर (arXiv, संशोधनाच्या मसुद्यांचं खुलं संकेतस्थळ) टाकले. प्रीप्रिंट म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांच्या तपासणीआधी लेखकांनी स्वतःच खुला केलेला मसुदा. बातम्यांनी तो निकाल म्हणून छापला.

या प्रकरणात एक गोष्ट फार चांगली होती : कृती पूर्ण दिलेली होती. लेड ऑक्साइड आणि लेड सल्फेट ७२५ अंशांवर २४ तास. तांबं आणि फॉस्फरस ५५० अंशांवर ४८ तास. मग दोन्ही कुटून, एकत्र करून, निर्वात क्वार्ट्झ नळीत बंद करून ९२५ अंशांवर ५ ते २० तास. भट्टी असलेल्या कुठल्याही प्रयोगशाळेला जमण्यासारखं, म्हणून जगभर लगेच करून पाहिलं गेलं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या गटानंही पहिल्या काही दिवसांतच नमुना बनवला; त्यात अतिसंवाहकता दिसली नाही.

बिघडलं कुठे, ते मूळ आलेखातच दिसत होतं. रोध अचानक कोसळत होता तो १०४ अंशांच्या आसपास. रसायनशास्त्राच्या जाणकारांना हा आकडा ओळखीचा होता, कारण कॉपर सल्फाइड नेमकं तिथेच आपली स्फटिकरचना बदलतं आणि त्याचा रोध एकदम बदलतो. कृती पुन्हा वाचा : सल्फेटमधलं गंधक आणि तांबं एकाच नळीत. कॉपर सल्फाइडची भेसळ होणारच. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत ही भेसळ टाळून शुद्ध स्फटिक वाढवले, तेव्हा हाती आला जांभळट, पारदर्शक विद्युतरोधक. विजेचा वाहकसुद्धा नाही!

आणि त्या गटाच्या व्हिडिओतला, चुंबकावर तरंगताना दिसणारा तुकडा? व्हिडिओत त्याची एक कड चुंबकाला टेकलेलीच होती. लोहचुंबकासारखे गुण असलेला चपटा कणही असा अर्धवट उभा राहतो.

याआधीचं एक उदाहरण आपल्याकडचं आहे. जुलै २०१८ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या दोघांनी सोन्यात चांदीचे सूक्ष्म कण असलेल्या पदार्थात उणे ३७ अंशांना अतिसंवाहकता मिळाल्याचा प्रीप्रिंट टाकला. काही दिवसांत एमआयटीतल्या ब्रायन स्किनर यांनी त्याच्या एका आलेखावर बोट ठेवलं. वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन मोजणींत बिंदूंची बारीक थरथर हुबेहूब सारखी होती. एक माळ उचलून दुसरीवर ठेवली तर मणी जुळावेत तशी. ही थरथर उपकरणातल्या यादृच्छिक नॉईजची असते आणि प्रत्येक मोजणीत ती नवी यायला हवी. या दाव्याला मान्यता मिळालेली नाही.

पुढच्या वेळी वाद सुरू झाला की बातमीतल्या पदार्थाचं किंवा संस्थेचं नाव आर्काइव्हवर शोधा. मजकूर फुकट असतो. सारांश सोडा, थेट आलेखांकडे जा. उभ्या अक्षावर रोध खरंच शून्याला टेकलाय, की मोठी मोजपट्टी घेतल्यामुळे टेकल्यासारखा दिसतोय? तांब्याचा रोधही अशा पट्टीवर शून्यच दिसेल. रोध चार टोकांनी (वीज सोडायला दोन, व्होल्टेज मोजायला वेगळी दोन) मोजलाय का, हेही बघा. आणि चार टोकांनी मोजूनही, ठिसूळ नमुन्यात विजेची वाट तुटली की व्होल्टमीटर खोटं शून्य दाखवतो. म्हणून नुसत्या शून्य रोधावर थांबायचं नाही. थंड होताना पदार्थानं आतलं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकललं का, हा पुरावा लागतोच, आणि तोही दुसऱ्या प्रयोगशाळेतून. एवढं नसेल तर कट्ट्यावर ‘अजून ठरलं नाही’ म्हणावं. फार मुळमुळीत वाटतं खरं, पण ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघतं.

प्रश्न : सॉसेज आणि सिगारेट कर्करोगाच्या एकाच गटात आहेत, म्हणजे धोका सारखाच ना? (पुणे)

उत्तर : नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. गट सांगतो पुरावा किती पक्का आहे ते. धोका किती मोठा, ते सांगत नाही. त्याच गटात ऊनही आहे. आकडा होता : रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. पण १८ टक्के कशाचे? ब्रिटनसारख्या देशात १०० जणांपैकी साधारण सहा जणांना आयुष्यात हा आजार होतो. त्या सहाचे १८ टक्के म्हणजे एक. सहाचे सात झाले. भारतात मुळात प्रमाण बरंच कमी आहे, त्यामुळे वाढही त्या मानानं लहान. सिगारेटमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका काही पटींनी वाढतो, टक्क्यांनी नव्हे.

प्रश्न : लघुग्रह मुंबईवर पडण्याची शक्यता आधी वाढत गेली आणि मग एकदम शून्य? आकडे दाबले का? (डोंबिवली)

उत्तर : २०२४ वायआर४ हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत ३.१ टक्क्यांवर चढली आणि पुढच्या काही दिवसांत जवळजवळ नाहीशी झाली. संभाव्य पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत होता, म्हणून मुंबईचं नाव आलं. शक्यता होती ती पृथ्वीला धडकण्याची. मुंबईची त्याच्या कितीतरी कमी.

चढ-उताराचं गणित सोपं आहे. समजा, त्या दिवशी लघुग्रह दहा लाख किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात कुठेही असू शकतो आणि पृथ्वी त्या पट्ट्यात आहे. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर, म्हणजे शक्यता १.३ टक्के. नव्या निरीक्षणांनी पट्टा चार लाखांवर आला, पृथ्वी अजून आतच : शक्यता ३.२ टक्के. लघुग्रह काही जवळ सरकला नाही, आपलं अज्ञान आक्रसलं. पुढच्या निरीक्षणांत पट्ट्याची कड पृथ्वीच्या अलीकडे आली की आकडा धाडकन कोसळतो. बहुतेक लघुग्रहांचं असंच होतं, त्यामुळे ३.१ च्या दिवशी घाबरायचं कारण नव्हतं, आणि लक्ष ठेवणंही चुकीचं नव्हतं.

प्रश्न : जुलैत ‘अफेलिअन’मुळे पृथ्वी सूर्यापासून ६६ टक्के लांब जाते, थंडी-ताप पसरतो, असं दर वर्षी येतं. सासूबाई आम्हाला स्वेटर घालायला लावतात. (बेळगाव)

उत्तर : सासूबाईंना हे दोन आकडे वाचून दाखवा. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर (हाच अफेलिअन, कक्षेतला सर्वांत दूरचा बिंदू). फरक साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर. ऊन त्यामुळे सात टक्क्यांनी कमी मिळतं. बेळगावात जुलैचा गारठा येतो तो पाऊस आणि ढगांमुळे. ६६ टक्क्यांचा घोळ बहुधा असा झाला असावा : संदेशात नेहमीचं अंतर ९ कोटी किलोमीटर आणि अफेलिअनचं १५.२ कोटी दिलेलं असतं. सूर्याचं सरासरी अंतर ९.३ कोटी आहे खरं, पण मैलांत.