वाचकांचे प्रश्न : जुनी सेडान घेताना आणि वापरताना

वापरलेली मध्यम आकाराची सेडान, म्हणजे मागे स्वतंत्र डिकी असलेली मोटार, घ्यावी का, घेतल्यास कोणती आणि कागदपत्रांचे काय, असे विचारणारी बरीच पत्रे सोलापूर शहर व जिल्ह्यातून आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरात वृद्ध आई आहे आणि तिचे गुडघे दुखतात. महिन्यातून एकदा पुण्याला जावे लागते, एरवी गाडी शहरातच फिरेल. दोन गाड्या पाहिल्या आहेत : २०१७ ची पेट्रोल होंडा सिटी, ४८ हजार किलोमीटर चाललेली, ५ लाख ३० हजारांना, आणि २०१८ ची डिझेल मारुती सियाझ, ९४ हजार किलोमीटर चाललेली, ५ लाख ९० हजारांना. डिझेलचे अ‍ॅव्हरेज पाहता सियाझ घ्यावी असे मेहुण्यांचे मत आहे. आपला सल्ला काय?

उत्तर : आधी हिशोब पाहू. पुण्याला जाऊन-येऊन साधारण ५०० किलोमीटर आणि शहरातले २०० धरले, तर आपले महिन्याचे रनिंग ७०० किलोमीटरच्या आसपास जाते. पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर देते असे मानले, शिवाय पेट्रोल १०५ रुपये व डिझेल ९१ रुपये लिटर धरले, तर डिझेलमुळे वर्षाला सुमारे २० हजार रुपये वाचतात. मात्र त्या गाडीसाठी आपण ६० हजार रुपये जास्त मोजणार आहात. हा फरक भरून निघायला तीन वर्षे लागतील, आणि तोवर गाडी दहा वर्षांची होऊन सव्वा लाख किलोमीटरच्या जवळ पोहोचलेली असेल. त्या वयात टर्बो, इंजेक्टर किंवा हाय-प्रेशर पंप या डिझेल इंजिनाच्या महाग भागांपैकी एकाचे काम निघाले तरी वर्षा-दोन वर्षांची बचत त्यात जाऊ शकते. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणे बंद केले, त्यामुळे पुढे गाडी विकताना गिऱ्हाईकही मोजकेच मिळेल. सियाझचे १.३ लिटर इंजिन स्विफ्ट आणि डिझायरमध्येही होते. त्यामुळे मिस्त्री आणि सुटे भाग मिळण्याची अडचण नाही, हे त्या गाडीच्या बाजूने सांगायला हवे. महिन्याला दोन हजार किलोमीटरचे रनिंग असते तर आम्ही मेहुण्यांच्या बाजूने कौल दिला असता. आपल्या वापराला पेट्रोल गाडी योग्य आहे.

मात्र पेट्रोल घ्या म्हणजे हीच सिटी घ्या, असा याचा अर्थ नव्हे. आठ-नऊ वर्षांच्या गाडीत मॉडेलपेक्षा त्या एका गाडीचे आजवरचे आयुष्य जास्त महत्त्वाचे असते. ४८ हजार हा आकडा खरा आहे का, हे आधी पाहा. टायरच्या कडेवर चार अंकी कोड असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे, म्हणजे २०१७ च्या गाडीचा तो मूळ टायर नव्हे. मीटर ४८ हजार दाखवत असताना क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, चालकाच्या सीटची दाराकडची कड फाटली असेल आणि टायरचा दुसरा संच बसवून तोही झिजला असेल, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. मूळ मालकाला सोबत नेऊन किंवा त्याच्या संमतीने अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा सर्व्हिस रेकॉर्ड काढून घ्या. प्रत्येक भेटीच्या तारखेसमोर किलोमीटर लिहिलेले असतात आणि कोणता आकडा कुठे घसरला ते लगेच कळते.

त्यानंतर बॉनेट उघडा. बॉनेटच्या बिजागऱ्या आणि पुढचे मडगार्ड ज्या बोल्टनी बसवलेले असते, त्या बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग खरवडलेला असेल तर त्यांना पाना लागला आहे, म्हणजे तो भाग कधीतरी काढून बसवलेला आहे. एक मडगार्ड बदललेले असणे मोठी गोष्ट नाही. पण दरवाजाचे रबरी बीडिंग थोडे ओढून पाहिल्यावर आतल्या पत्र्यावर कारखान्यातले समान अंतरावरचे वेल्डिंगचे ठिपके दिसण्याऐवजी लांबी (पुटी) भरलेली किंवा ओबडधोबड वेल्डिंग दिसले, तर त्या गाडीचा सांगाडा अपघातानंतर दुरुस्त केलेला आहे असे समजा आणि किंमत कितीही कमी केली तरी ती गाडी सोडून द्या. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन ऐकून उपयोग नाही. सकाळी गाडी थंड असताना स्वतः चालू करा.

शेवटी आईंच्या गुडघ्यांबद्दल. सेडानची बैठक खाली असते. सियाझचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) २,६५० मिलिमीटर आणि सिटीचा २,६०० मिलिमीटर असल्याने मागे पाय पसरायला दोन्हीकडे भरपूर जागा आहे, पण उतरताना गुडघ्यांवर जोर येतो तो बैठकीच्या उंचीमुळे. पैसे देण्याआधी आईंना दोन्ही गाड्यांमध्ये चार-पाच वेळा बसवून-उतरवून पाहा. त्यांना त्रास होत असेल तर मन घट्ट करून सेडानचा विचार बाजूला ठेवा आणि उंच बैठकीची गाडी शोधा. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची, त्यांनाच ती अवघड जाणार असेल तर त्या पाच लाखांना अर्थ उरत नाही.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावर आमचा टॉवेल निर्मितीचा व्यवसाय आहे. हैदराबादच्या एका व्यापाऱ्यामार्फत तेलंगणा पासिंगची २०१९ ची ह्युंदाई व्हर्ना इथल्या बाजारभावापेक्षा ७० हजारांनी स्वस्त मिळते आहे. बारा महिने तोच नंबर चालतो असे एजंट म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर : एजंटाने अर्धेच सांगितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार परराज्यातील गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहिली तर नवीन क्रमांक घ्यावा लागतो, हे बरोबर आहे. पण आपण गाडी विकत घेत आहात, आणि ती आपल्या नावावर करण्याची मुदत वेगळी व कमी आहे : खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत आपल्या भागातील नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी तेलंगणातील मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हातात हवे. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो फॉर्म ३५ देऊन उतरवलेला हवा, आणि विक्रेत्याच्या सह्यांचे फॉर्म २९ व ३० हवेत. सोलापूरच्या आरटीओत एमएच १३ क्रमांक घेताना महाराष्ट्राचा एकरकमी कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. तेलंगणात भरलेल्या कराचा उरलेला भाग तिकडून परत मागता येतो, पण अर्ज, फेऱ्या आणि वाट पाहणे हे सगळे आपल्याकडे येते. हा कर, एजंटाची फी आणि हैदराबादच्या फेऱ्यांचा खर्च मांडल्यावर ७० हजारांतले किती उरतात, ते आधी कागदावर लिहून पाहा.

आम्हाला खरी काळजी वाटते ती पाण्याची. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत मोठा पूर आला होता आणि आपली गाडी त्याआधीची आहे. आपल्याच जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने काय केले ते आपण पाहिले आहे. तेव्हा ही तपासणी इथल्या गाडीलाही लागू आहे. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून काढा, कारण धुलाईवाला सीट धुतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकावरचा गाळाचा डाग तसाच राहतो. डिकीतला स्टेपनी टायर उचलून खालचा खड्डा पाहा. पुढच्या सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेले असतील, किंवा डॅशबोर्डखाली वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. भिजलेले वायरिंग सहा महिने नीट चालते आणि नंतर एकेक दोष दाखवू लागते. विम्याचा जुना क्लेम विमा कंपनीकडून मालकामार्फत विचारून घेणेही योग्य ठरेल.

प्रश्न : मी बार्शीची रहिवासी आहे. पतीच्या निधनानंतर माझ्या नावावर असलेली सेडान मी दोन वर्षांपूर्वी विकली. घेणाऱ्याने अजून ती नावावर केलेली नाही आणि दंडाची चालाने माझ्या मोबाइलवर येतात. मी काय करू?

उत्तर : ताई, कृपया याकडे दुर्लक्ष करू नका, कारण प्रश्न फक्त चालानांचा नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. गाडी मधल्या काळात कितीही हातांत गेली असली तरी. त्या गाडीचा विमा संपलेला असेल तर ही जबाबदारी किती जड होऊ शकते, याची कल्पना करा.

कायद्यानुसार विक्रेत्यानेही फॉर्म २९ भरून १४ दिवसांच्या आत विक्री कळवायची असते. हे बहुतेकांना कोणी सांगत नाही आणि सगळे घेणाऱ्यावर सोडले जाते. आता खरेदीदाराला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवा; विक्रीची पावती, पैसे खात्यात आल्याची नोंद आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत जोडून आरटीओकडे अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज देऊन ठेवा. त्याने दाद दिली नाही तर वकिलाचा सल्ला घेण्यात उशीर करू नका.

प्रश्न : गाडीबरोबर तिचा नो क्लेम बोनसही मिळतो का?

उत्तर : नाही. वर्षभर क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. विक्रेता ती आपल्या पुढच्या गाडीसाठी तीन वर्षांच्या आत वापरू शकतो. तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर आपल्याकडे येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा विमा नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करा आणि बोनसचा फरक भरा. हे राहिले तर ऐन वेळी क्लेम नाकारला जाऊ शकतो.

प्रश्न : होटगी रस्त्यावरून लिहितो. मी २०१६ ची पेट्रोल सेडान घेतली. एप्रिल-मेमध्ये सिग्नलला उभे राहिले की एसी गरम हवा देतो आणि तापमानाचा काटा वर सरकतो. रस्त्याला लागलो की सगळे ठीक होते. गॅरेजवाला गॅस भरायला सांगतो. शिवाय २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने इंजिन खराब होईल का?

उत्तर : धावताना ठीक आणि उभे असताना बिघाड, याचा अर्थ रेडिएटरवरून हवा खेळत नाही. गॅस भरण्याआधी एसी चालू ठेवून गाडी उभी करा आणि पुढचा पंखा पूर्ण वेगाने फिरतो का ते पाहा. त्याची मोटर किंवा रिले (पंख्याला वीज देणारा स्विच) कमकुवत झाल्याची शक्यता जास्त आहे. एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो आणि आपल्याकडच्या धुळीने त्याच्या जाळ्या बुजतात. त्या कमी दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. नंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटच्या टाकीचे झाकण उघडा. आतले पाणी गंजासारखे तपकिरी असेल तर आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरले असावे. आपल्या भागातल्या क्षारयुक्त पाण्याचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि सोलापूरच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात तोच इंजिनाचा घात करतो. सगळी यंत्रणा फ्लश करून कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट भरून घ्या. काटा वर गेलेला असताना गाडी पुढे दामटू नका. इंजिनाच्या दोन भागांमधली हेड गॅस्केट ही सीलबंद पट्टी गेली तर खर्च कित्येक पटींनी वाढतो.

इथेनॉलबाबत : एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्या या मिश्रणासाठी तयार केलेल्या आहेत, आपली त्याआधीची आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अशा चारचाकींच्या अ‍ॅव्हरेजमध्ये सहा ते सात टक्के घट अपेक्षित धरली होती, तेव्हा तेवढा फरक पडला तर घाबरू नका. इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील यांची मात्र दर सर्व्हिसला पाहणी करून घ्या, आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशीच गाडी गॅरेजला दाखवा.