हिरोच्या बाजूला उभा असलेला माणूस

प्रिय मित्रा,

परत हिरोच्या मित्राचाच रोल आला म्हणून तू वैतागलायस, वाचलं सगळं. समजावत बसत नाही. तू आधी हॉलिवूडचा जुना विनोदी नट एडवर्ड एव्हरेट हॉर्टन बघ.

ब्रुकलिनमध्ये १८८६ चा जन्म, आधी नाटकं आणि मग मूकपट, आणि मूकपटात तो चक्क मुख्य भूमिका करायचा हं. बोलपट आले आणि हळूहळू तो बाजूला सरकला, घाबरट मित्र, गोंधळलेला वकील असली कामं. पण फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स या नाचणाऱ्या जोडीचा १९३५ चा पिक्चर 'टॉप हॅट' लाव, नाच संपला की आपण याची एंट्री कधी होते त्याची वाट बघायला लागतो. मला तरी तसंच होतं.

त्याचं हुकमी अस्त्र म्हणजे डबल टेक. समोरचा काहीतरी भयंकर बोलतो, हा हसून मान डोलावतो, हो हो अगदी बरोबर, आणि मग हसू तोंडावर तसंच असताना डोळे थांबतात, आत काहीतरी पोचतं आणि अख्खा चेहरा खाली घसरतो. हशा येतो तो ऐकणं आणि कळणं यांच्या मधल्या त्या दोन सेकंदांत. तू नेमका तिथेच घाई करतोस रे! तुझ्या प्रयोगात मी बघितलं, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं तोंड वाकडं झालेलं असतं, कारण तुला स्क्रिप्ट पाठ आहे. पण त्या पात्राला ते आत्ता पहिल्यांदा कळतंय ना? मीही वर्षानुवर्षं हेच केलं, आणि माझ्यामुळे समोरच्या नटाची चांगली वाक्यं वाया गेली, त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून सांगतोय, तालमीत स्वतःच्या वाक्यांपेक्षा समोरच्याची जास्त वेळा वाच.

१९३२ चा 'ट्रबल इन पॅराडाइज' तर बघच. व्हेनिसमध्ये एक चोर डॉक्टर बनून टॉन्सिल तपासायच्या नावाखाली याला लुटतो, आणि पुढे पॅरिसमध्ये तोच चोर समोर आला तरी याला आठवतच नाही की ह्याला कुठं पाहिलंय. ते आठवणं लांबत लांबत जातं आणि शेवटी गोंडोलाच्या, म्हणजे व्हेनिसमधल्या होडीच्या, आकाराचा ॲशट्रे बघून ट्यूब पेटते. म्हणजे तोच डबल टेक, पण जवळजवळ अख्ख्या पिक्चरभर ताणलेला! एवढा वेळ प्रेक्षकाला धरून ठेवायला काय लागत असेल विचार कर.

आणि तोच तोच रोल म्हणशील तर 'हॉलिडे' हा पिक्चर १९३० मध्ये आला आणि परत १९३८ मध्ये, दोन्हीत नायकाच्या मित्राचं तेच काम यानंच केलं. जमलं तर दोन्ही पाठोपाठ बघ. 'स्प्रिंगटाइम फॉर हेन्री' हे नाटक तर तो वर्षानुवर्षं गावोगाव करत फिरला. पुढे सत्तरी ओलांडल्यावर कार्टूनमधल्या उलट्यासुलट्या परीकथांना आवाज दिला, आणि एक पिढी त्याला फक्त आवाजावरून ओळखायची.

१९७० मध्ये तो गेला. शेवटचा पिक्चर 'कोल्ड टर्की' नंतर १९७१ मध्ये लागला, त्यात त्याला एकही वाक्य नाही, नुसता चेहरा. तो बघितलास की मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
दादा