महामंडळं सरकारी पैशावर चालतात, मग ‘आम्ही स्वायत्त’ म्हणून हात कसे झटकतात? त्यांना जाब कुणी विचारायचा?

स्वायत्तता रोजच्या कारभारापुरती असते, हिशेबातून सुटका म्हणून नाही. एसटी महामंडळच घ्या. ते १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली उभं आहे आणि त्याच कायद्यानुसार त्याचे हिशेब कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचं कार्यालय, तपासतं. सिडको ही कंपनी. सरकारी कंपनीचा लेखापरीक्षकही कॅगच नेमतं आणि वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. पुढे सार्वजनिक उपक्रम समितीचे आमदार अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारू शकतात.

माझ्या मते खरं दुखणं उशिराचं आहे. काही महामंडळांचे हिशेब वर्षानुवर्षं थकतात. हिशेबच नाही तर तपासणार काय? तोवर अध्यक्ष बदललेला, अधिकारी बदली होऊन गेलेला. अनुदान मात्र चालू! याची मला मनापासून चीड येते, कारण मागासवर्गीय तरुणांच्या कर्जाचा पैसाही अशाच महामंडळांतून जातो.

तुमच्या हातात माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या कायद्यातलं कलम २(ज) बघा: कायद्याने स्थापलेली, सरकारी मालकीची किंवा सरकारी निधीवर मोठ्या प्रमाणात चालणारी संस्था ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरते. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. अर्जात नेमकं एवढंच विचारा: शेवटचं लेखापरीक्षण कोणत्या वर्षाचं झालं आणि तो अहवाल विधिमंडळात कोणत्या तारखेला मांडला?